माझ्या पाठीतल्या मुंग्या

मित्रांनो, मी एक जुने चिकटचित्र आहे. शिकलेली माणसे मला कोलाज म्हणतात, पण आमच्या शाळेत तो शब्द कुणाच्या तोंडात बसला नाही. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तुम्ही हसायला नको. मी अतिशय भित्रे आहे. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी माझ्या काळजात धस्स होते. जन्मापासून मी असे नव्हते. मला भित्रे केले ते मुंग्यांनी.

पंच्याण्णव सालची थंडी होती. आमचे गाव सांगलीकडचे, उसाचे. गुऱ्हाळे पेटली होती आणि गावभर गुळाचा वास भरून राहिला होता. सातवीच्या पद्मावतीबाईंनी एक दिवस वर्गात सांगितले, की सगळ्यांनी मिळून एकच चित्र करायचे, आपल्या गावाचे, आणि तेही रंगाने नाही. घरात जे टाकाऊ असेल ते प्रत्येकाने आणायचे. बाई जैनांच्या. शाळेत आल्या की आधी कडुनिंबाच्या बुडाशी मुंग्यांना चिमूटभर पीठसाखर घालायच्या आणि मगच हजेरी घ्यायच्या.

दुसऱ्या दिवशी वर्गाचा नुसता उकिरडा झाला. शेंगांचे रिकामे पोते आले, ते बांबूच्या चौकटीवर ताणून बसवले. तीच माझी पाठ. कुणाच्या तरी आजीच्या निळ्या लुगड्याच्या तुकड्याची कृष्णा नदी झाली. एसटीच्या तिकिटांचा रस्ता झाला, काड्यापेट्यांची घरे झाली, पाचटाचा उसाचा फड झाला. कोंबड्यांना खरी पिसे मिळाली. उजवीकडे चिंचोक्यांचा मोठा डोंगर करायचा ठरले. पोरे भांडत होती, एकमेकांच्या कोंबड्यांना नावे ठेवत होती, आणि मी हळूहळू डोळे उघडत होते. तसे सुख पुन्हा मिळाले नाही.

आता खळीचे सांगते, कारण सगळे रामायण तिच्यापायी घडले. पिठाची खळ शिजवताना त्यात मोरचूद टाकायची आमच्याकडची रीत आहे. तो निळा, विषारी खडा असतो. तो पडला की खळीला कीड-मुंगी लागत नाही. पण बाईंनी मोरचूद घालू दिला नाही. पोरांची बोटे तोंडात जातात, आणि कुणाचा जीव घेऊन आपल्याला चित्र करायचे नाही, असे त्या म्हणाल्या. झाले. बिनविषारी खळीने कागद चिकटले, पिसे चिकटली, पण चिंचोके काही बसेनात. लावले की टपाटप खाली.

वर्गात वैजू नावाची मुलगी होती. गुऱ्हाळवाल्या आकारामची. तोंडातून शब्द न काढणारी, बोलावले तरी मान खाली घालणारी. तिला काकवीचा चिकटा ठाऊक होता. उकळत्या रसाची ती दाट काकवी हातावर वाळली, की ऊन पाण्याशिवाय सुटत नाही. पोरे पाणी आणायला गेली तेव्हा तिने घरून आणलेली तांब्याभर काकवी खळीच्या पातेल्यात ओतली, ढवळली आणि जागेवर जाऊन बसली. मी बघत होते. मला त्यात काही वावगे वाटले नाही. चिंचोके असे गच्च बसले की बाईंनी दोनदा ओढून पाहिले आणि उन्हाने खळ छान वाळली म्हणून उन्हाचे कौतुक केले. वैजू गालातल्या गालात हसली.

मला मुख्याध्यापकांच्या खोलीत टांगले. मुख्याध्यापक म्हणजे दादासो गुरुजी, आवाजाने कडक आणि मनाने धास्तावलेले. सांगलीहून साहेब येणार होते, जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी चित्र निवडायला. येईल त्या माणसाला गुरुजी मला दाखवायचे. मीही फुगले, खोटे कशाला बोलू?

आणि एका दुपारी माझ्या पाठीला काहीतरी हुळहुळले.

एक मुंगी होती. काळी. ती पोत्याच्या विणीतून आत शिरली, थांबली आणि परत गेली. मला वाटले, चुकून आली असेल. दुसऱ्या दिवशी तिच्यामागून रांग आली. मित्रांनो, ती भीती कशी सांगू? समोरून लोक माझी स्तुती करत होते आणि पाठीमागून मला कुणीतरी कुरतडत होते. ओरडायला तोंड नाही, झटकायला हात नाही. त्या आत काय करतात हेही मला दिसत नव्हते, फक्त कळत होते. काकवीची खळ त्या कणाकणाने नेत होत्या. पुढे त्यांनी डोंगराखालीच बिऱ्हाड थाटले. पहिला चिंचोका गळून टेबलावर पडला तेव्हा माझे अंग गार पडले. आज चिंचोका, उद्या नदी, परवा मी सबंध.

बाईंनी मला त्या भिंतीवरून काढून दुसऱ्या भिंतीवर लावले. मुंग्या तिथे आल्या. तिसऱ्या भिंतीवर लावले, तिथेही आल्या. भिंतीत काहीतरी असेल असेच सगळ्यांना वाटत होते. खरे काय ते फक्त वैजूला ठाऊक होते, आणि ती सुट्टीत खिडकीशी येऊन माझ्याकडे बघायची. तिचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा पडलेला असायचा. शाळेतून एक जरी तक्रार आली तरी दप्तर माळ्यावर टाकीन आणि गुऱ्हाळावर कामाला लावीन, असा बापाने तिला दम भरलेला होता.

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी सकाळी गुरुजींच्या मानेवर मुंगी चढली. ते तडक मला उचलून सातवीच्या वर्गात आले. दुसऱ्या हातात कीटकनाशक पावडरीचा डबा होता.

"बाई, एक तर ही पावडर मारा, नाहीतर उद्या सकाळी हे शिपायाच्या बंबात जाईल. साहेबांच्या अंगावर मुंग्या पडलेल्या मला चालायच्या नाहीत."

बंब म्हणजे पाणी तापवायचा. मी त्यात पाचट जळताना रोज खिडकीतून बघत होते. माझ्या अंगावर तर पाचटाचा फडच होता. मी मनातल्या मनात बाईंचे पाय धरले. मारा हो पावडर, एकदाच्या मरू देत मेल्या. बाईंनी डबा हातात घेतला, माझी पाठ वळवून पाहिली. डोंगराखाली मुंग्यांची पांढरी अंडी होती. बाईंनी डबा टेबलावर ठेवून दिला.

"सर, माझ्या हातानं हे व्हायचं नाही," त्या म्हणाल्या. "आणि पोरांच्या हातानं तर नाहीच नाही."

गुरुजी म्हणाले, उद्या साहेब येईपर्यंत वेळ आहे, मग मी बघतो. आणि ते गेले. मी आशा सोडली. बाईंचा मला इतका राग आला की विचारू नका. मुंगीचा जीव तेवढा जीव, आणि आमचा?

तेवढ्यात मागच्या रांगेत वैजू उभी राहिली.

"बाई, खळीत म्या काकवी घातली हुती. चिंचोकं बसंनात म्हणून."

आता ही मार खाणार असे मला वाटले. पण बाई खाली पोरांच्या बसायच्या पट्टीवरच बसल्या.

"आणि मोरचूद मी नको म्हटलं," त्या म्हणाल्या. "म्हणजे आवतण आपण दोघींनी दिलं की गं. आता जेवायला बोलावलेल्या पाहुण्याला मारायचं कसं?"

मग त्यांनी युक्ती सांगितली. काकवीच्या ओढीने आल्या, तर काकवीच्याच ओढीने जातील. त्यांना दुसरीकडे पान वाढायचे. काकवी हवी, म्हणजे गुऱ्हाळावर जायला हवे. वैजूने मान हलवली खरी, पण ती गेली ती फाशी जायला निघाल्यासारखी. परत आली तेव्हा बाप बरोबर होता. आकाराम सायकल हाताने ढकलत होता आणि हँडलला काकवीची किटली लोंबत होती. मी म्हटले, आले बालंट.

"पोर म्हणती मुंग्यास्नी जेवाण घालायचं हाय," तो बाईंना म्हणाला. "आमच्या गुऱ्हाळावर रोज जेवत्यात. आज हितं जेवू द्या." मग लेकीकडे वळला. "त्यात रडाय काय झालं गं?"

मला कडुनिंबापाशी नेऊन, सावलीबाहेर उन्हात, दगडाला टेकून उभे केले. माझ्या पायापासून झाडाच्या बुडापर्यंत पोरांनी उसाच्या चिपाडांची वाट केली आणि तिला काकवी फासली. वाटीत ठेवू नका, बुडून मरतील, पातळ पुसा, असे बाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मग सगळे लांब जाऊन बसले.

ऊन चढले. कुणी हलले नाही, मुंग्याही नाहीत. मला बंब दिसू लागला. पोरांचाही धीर सुटला, मला धरून झटकू या म्हणू लागली, पण बाईंनी हात लावू दिला नाही. उन्हाने माझी पाठ पोळायला लागली तेव्हा डोंगराखालून पहिली मुंगी निघाली. तिच्या तोंडात अंडे होते. तिच्यामागे दुसरी, मग रांग, आणि प्रत्येकीच्या तोंडात काहीतरी पांढरे. त्या चालत नव्हत्या, पळत होत्या. एक अंडे चिपाडावर पडले तर ती मुंगी त्याच्याभोवती वेड्यासारखी फिरली आणि उचलल्याशिवाय हलली नाही. मित्रांनो, तेव्हा मला लाज वाटली. ज्यांच्या भीतीने माझी झोप उडाली होती, त्यांची त्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त गाळण उडालेली होती.

त्या गेल्या, पण आतली खळ संपून पोकळ झालेला डोंगर सबंध ढासळला. उजवीकडे नुसते पोते उरले. मुंग्या गेल्या हे पाहून गुरुजींनी मला पुन्हा आपल्या खोलीत टांगले. दुसऱ्या दिवशी साहेब आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी विचारले, हे असे अर्धवट का? गुरुजींना घाम फुटला. बाई काही बोलणार तोच दारात जमलेल्या पोरांमधून आवाज आला.

"सायेब, तितं मुंग्या ऱ्हात हुत्या. त्यास्नी पिल्लं घिऊन जायाला येळ लागला."

परक्या माणसासमोर वैजू आपणहून बोलली, ती पहिली वेळ. साहेब हसले, तिच्याकडे नीट बघितले आणि पुढे गेले. त्यांनी सहावीचा रंगीत देखावा निवडला. मी सांगलीला गेले नाही. साहेबांची जीप गेल्यावर गुरुजी माझ्याकडे आले आणि त्यांनी मला भिंतीवरून काढले. मी डोळे मिटले. पण त्यांनी मला बंबाकडे नेले नाही. सातवीच्या वर्गात आणून स्वतःच्या हाताने खिळ्याला अडकवले. त्यांच्या बाहीवर एक चुकार मुंगी चढली होती. तिला त्यांनी फुंकर मारून खिडकीबाहेर घालवले आणि कुणी पाहिले नाही ना ते पाहिले.

वैजू सातवी पास होऊन तालुक्याच्या हायस्कूलला गेली. मी इथेच आहे आणि अजून भिते, तो स्वभाव काही गेला नाही. मुलांनो, चित्रांना जपा, कधीतरी त्यांची पाठही बघा, हे मी सांगेनच. पण त्याहून मोठे मागणे वेगळे आहे. घाबरलेल्याला ओरडता येत नाही. मला आले नाही, मुंग्यांना आले नाही, आणि त्या पोरीला तर कितीतरी दिवस आले नाही. तुमच्या शेजारी कुणी फार गप्प बसलेले असेल, तर त्याला एकदा विचारा आणि उत्तराची घाई करू नका.