फिलेमूच्या चौदा रात्री

कर खात्याचं पत्र शुक्रवारी आलं. सालाफाईनं ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तिला ओळींमागं नणंदच दिसली.

पत्र तसं साधं होतं. कामावर जाणाऱ्या आईबापांना मुलांमागं दर आठवड्याला जी रक्कम मिळते, तिच्यातून लेकीचं, फिलेमूचं नाव निघालं होतं. मुलगी तुमच्या घरी राहत नाही असं कळलं आहे, हरकत असल्यास दहा दिवसांत सांगा. कुणाकडून कळलं, ते लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती, असं सालाफाईचं मत.

नणंद लोसा त्याच मांगेरे उपनगरात, दोन गल्ल्या पलीकडं राहायची. फेब्रुवारीत तिचा नवरा गेला, घर खायला उठलं, तेव्हा आपल्या सामोआ बेटांवरच्या रीतीप्रमाणं भावानं सात वर्षांची लेक तिच्या सोबतीला दिली. दिली म्हणजे नेमकं काय, हे कुणी बोललं नाही. ते बोलायची रीतच नाही. पोर सोमवार ते गुरुवार आत्याकडं झोपायची आणि शुक्रवारी दप्तर घेऊन घरी यायची.

"चुकून आलं असेल," नवरा तावीता पत्राकडं न बघता म्हणाला आणि रग्बी बघत बसला. सामना जुना होता. बहिणीला पाठीशी घालतोय, सालाफाईनं मनात टिपून ठेवलं.

रविवारी चर्चमध्ये नेहमीप्रमाणं कुणी किती दान दिलं ते नावानिशी वाचून दाखवलं. लोसाचे कायम पन्नास डॉलर असायचे. आज एकशेवीस. फिलेमूचे आठवड्याला मिळायचे साधारण तेवढेच. सालाफाईनं स्तोत्राचं पुस्तक उघडलं, पण ती गायली नाही.

जेवायला सगळे लोसाकडंच होते. तारोचे अळूसारखे कंद, त्याचीच नारळाच्या दुधात शिजवलेली पानं, डुकराचं मटण.

"वन्सं, आज देवाला भरभरून दिलंत."

"दिलं की मिळतं."

"कुठून मिळतं, तेच विचारतेय."

लोसानं पळी खाली ठेवली. "शाळेतल्या आणखी चार खोल्या झाडायला घेतल्यात. पहाटे साडेचारला उठते. ये की एकदा, बादली धरायला."

"आई, मला अजून पानं," फिलेमू म्हणाली. पातेल्याकडं दोघींचे हात एकदमच गेले.

सालाफाईनं आपला हात मागं घेतला आणि त्याच हातानं पर्समधून पत्र काढलं. लोसानं चष्मा लावून ते सावकाश वाचलं.

"हे मी केलं, असं वाटतं तुला?"

"मला काही वाटत नाही. मी नुसती बेरीज केली."

"मी केलं," तावीता तारोच्या फोडीला म्हणाला.

झालं होतं असं. महिन्यापूर्वी तो बहिणीचा नळ दुरुस्त करत असताना खात्याचा फोन आला. फिलेमू तुमच्याकडंच राहते का, बाईनं विचारलं. लोसा शेजारीच चहा घेऊन उभी. मोठ्या बहिणीसमोर 'पोर माझी आहे, इथं नुसती झोपते' असं कुठला सामोअन भाऊ म्हणेल? त्यानं सांगितलं, ती माझ्या बहिणीची मुलगी, तिच्याकडंच असते. त्यानं बहिणीचा मान राखला, खात्यानं तो नोंदवून घेतला.

"बाहेर जाऊन बोलायचंस," सालाफाई म्हणाली.

"नळ उघडा होता."

लोसा हसली. पत्राची घडी घालून तिनं परत दिलं. "उद्या फोन कर. पंधरवड्याच्या चौदाच्या चौदा रात्री तुझ्याकडं असते म्हणून सांग. मी कशालाच नाही म्हणणार नाही. मला त्यातला एक सेंट नको."

सालाफाईचा संशय आता कुठं नीट उठून बसला. पैसे घेतले असते तर भांडून परत मागता आले असते. एक सेंटही नको म्हणणारी बाई पोरच ठेवून घेणार होती, हे तिला आत्ता दिसलं.

सोमवारी धुलाईच्या कारखान्यातून सकाळची सुट्टी काढून ती नणंदेच्या स्वयंपाकघरात बसली. फोन टेबलावर ठेवला, दोघींना ऐकू येईल असा.

"पंधरवड्यातल्या चौदा रात्रींपैकी मुलगी तुमच्याकडं किती रात्री असते?" पलीकडच्या बाईनं विचारलं.

लोसानं आधी दहा बोटं दाखवली, मग चार.

"सहा," सालाफाई म्हणाली.

लोसाचे हात खाली आले.

"उरलेल्या आठ जिच्याकडं असते ती इथंच आहे. तीही कामाला जाते. तिचा वाटा तिला मिळायला हवा. बोला तिच्याशी."

"भावाची पोर सांभाळायचे मी पैसे घेऊ?" लोसा कुजबुजली. "मी काय दाई आहे?"

"घ्या वन्सं. खर्च होतोच की." सालाफाईनं फोन तिच्यापुढं सरकवला.

लोसानं नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, पत्ता सांगितला.

"मुलीशी तुमचं नातं?"

लोसा भावजयीकडं बघत राहिली. सालाफाईनं नजर हलवली नाही. बाईनं प्रश्न पुन्हा विचारला, जरा मोठ्यानं.

"आत्या," लोसा म्हणाली.

पलीकडं तो शब्द टकटक टाइप झाल्याचा आवाज आला. तो थांबल्यावर सालाफाई उठली आणि तिनं दोघींसाठी चहाचं आधण ठेवलं.