न्हाऊ घातलं, एवढंच ठाऊक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी तख्ता आहे. कसला तख्ता म्हणाल, तर सांगतो, पण ऐकून पळू नका. आमच्याकडे, म्हणजे मुसलमानांमध्ये, माणूस वारलं की दफन करण्याआधी त्याला अखेरची आंघोळ घालतात. तिला गुस्ल म्हणतात. जुन्या नाशकातल्या आमच्या गल्लीतली घरं पडली लहान, म्हणून मशिदीच्या मागे बायकांच्या गुस्लसाठी एक वेगळी खोली बांधलेली आहे. तीस वर्षं त्या खोलीत माझ्यावर बायकांना न्हाऊ घातलं. आता मी तिथेच कोपऱ्यात, भिंतीला टेकून उभा असतो. माझ्या अंगावर लोक जुन्या चटया टाकतात. टाकू देत बापडे!

मला पंचवटीच्या सहादू सुतारानं घडवलं. लाकूड जांभळीचं, पाण्यात न कुजणारं. पाणी वाहून जावं म्हणून त्यानं मला किंचित उतार दिला आणि मग दोन दिवस माझ्या कडा घासत बसला. मशिदीचा राखणदार वैतागून म्हणाला, "अहो मिस्तरी, मेलेल्या माणसाला कुसळ टोचणार आहे का?"

"त्याला नाय टोचत," सहादू म्हणाला, "मला टोचंल." आणि पुन्हा घासायला लागला.

त्या सुतारानं कधी नमाज पढला नाही, पण त्याच्यापाशी काय होतं ते मला पुढे न्हाऊ घालणाऱ्या सुग्राबीकडून कळलं. त्या गोष्टीला आमच्याकडे हया म्हणतात. हया म्हणजे नुसती लाज नव्हे. कोणी बघत नसतानाही वाईट करताना आतून जो संकोच वाटतो, ती हया. हया हा ईमानाचा, म्हणजे श्रद्धेचा, हिस्सा आहे, असं लहान पोरांनाही शिकवतात. शिकवतात खरं! पुढे तिचं काय होतं, ते ऐका.

सुग्राबी इगतपुरीकडची, लग्न होऊन इथे आलेली. बायकांना न्हाऊ घालायचं काम तिचं. बोरीची पानं घालून उकळलेलं पाणी ती आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघायची. मेलेल्या बाईच्या अंगावर चादर कायम असायची. हाताला फडकं गुंडाळून ती चादरीखालूनच अंग धुवायची, आणि नजर दुसरीकडे. "बाई, आता उजवी कूस धुते हं," असं हळूच सांगायची. जिवंत माणसाशी सुद्धा लोक इतकं अदबीनं बोलत नाहीत.

काम आटोपून ती बाहेर आली की बायका तिला घेरायच्या. त्यांचा प्रश्न ठरलेला. "सुग्राबी, कशी होती गं? अंग हलकं होतं का? सुवास आला का?" नेक माणसाची मय्यत फुलासारखी हलकी असते आणि तिला सुवास येतो, अशी लोकांची समजूत. सुग्राबीचं उत्तरही ठरलेलं. "मी तिला न्हाऊ घातलं, एवढंच मला ठाऊक."

वाईट तर ती सांगायचीच नाही, पण चांगलंही सांगायची नाही. शेठाणी असो की भांडी घासणारी, सगळ्यांना तेच एक वाक्य. बायका म्हणायच्या, फार शिष्ट आहे मेली. सुग्राबी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

तिचे गुडघे गेले तेव्हा तिनं आपल्या भाचीला, नाझनीनला हाताशी घेतलं. पोरगी हुशार, हाताला हलकी. सुग्राबीनं तिला पहिल्या दिवशी गुस्ल शिकवलंच नाही, मला उलटा करून माझी खालची बाजू घासायला लावली.

"खाला, ही बाजू कोण बघतंय?" नाझनीन म्हणाली.

"वरची माणसं बघत्यात. खालची तो बघतो," सुग्राबीनं वर बोट केलं. "हया अशीच वाढती, पोरी. रोज थोडी. पाहुणीच्या फाटक्या पदरावर नजर गेली, तर नजर वळवायची. कोणाचं उणं कानावर आलं, तर तिथंच गिळायचं. सवय लागली की मग सोपं जातं."

नाझनीननं मला खालून घासलं. झकास घासलं. मला वाटलं, चला, आपलं म्हातारपण सुखात जाईल. लाकडाची अक्कल ती!

नाझनीन एकटी काम करू लागली, आणि एके दिवशी गल्लीतल्या एका मोठ्या घरची आजी वारली. गुस्ल झालं. बाहेर तिच्या लेकी-सुना रडत होत्या. थोरल्या लेकीनं नाझनीनचा हात धरला. "सांग ना गं, आमची अम्मी कशी होती?" नाझनीनला तिची दया आली. म्हणाली, "काय सांगू, आपा! फुलासारखं हलकं अंग, आणि काय तो सुवास!"

मित्रांनो, सुवास कापराचा होता. शेवटच्या पाण्यात कापूर घालतात, सगळ्यांच्याच. पण लेकीचं रडू थांबलं, बायकांनी सुभानल्ला म्हटलं, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीच्या मोबाईलवर तो सुवास घरोघर पोचला. नाझनीनच्या पाठीवर शाबासकी पडली. सुग्राबीनं मात्र तिला बोलावून घेतलं.

"काय वाईट बोलले मी, खाला? चांगलंच तर बोलले."

"एकीला चांगलं म्हटलं, की दुसरीला न म्हटलेलं लोक ऐकत्यात," सुग्राबी म्हणाली. "यापुढं तोंड शिवून ठेव."

नाझनीननं मान डोलावली. महिना झाला नसेल, खैरुनबी गेली. परकर शिवून एकुलत्या एका लेकीला, तस्लीमला, वाढवलेली बाई. मूत्रपिंडं निकामी होऊन आठ महिने अंथरुणात होती. अंग सुजलेलं, पाठीला जखमा. माझ्यावर ठेवली तेव्हा मीच करकरलो. यात तिचा काय गुन्हा? आजारच तसा. तस्लीम बाहेर चक्कर येऊन पडली होती, तिला दोघींनी धरून बसवलं होतं. नाझनीननं गुस्ल नीट दिलं, त्यात कसूर नाही.

ती बाहेर आली आणि बायकांनी घेरलं. "ही कशी होती गं? सुवास?"

नाझनीनला खोटं बोलवेना, खरं सांगवेना. शेवटी म्हणाली, "खालानं सांगितलंय, काही बोलायचं नाही."

झालं! बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मागच्या खेपेला बोलली, आता बोलत नाही, म्हणजे काहीतरी दिसलंय. तिसऱ्या दिवशी कुराण पढायला बायका खैरुनबीच्या घरी जमल्या, तोवर नाझनीनच्या गप्प बसण्याला हातपाय फुटले होते. अंग दगडासारखं जड होतं म्हणे. दुर्गंधी येत होती म्हणे. आयुष्यात काय केलं असेल देव जाणे, म्हणे. तस्लीम चहा घेऊन आतून आली आणि तिनं ते सगळं दारात उभं राहून ऐकलं.

ती तडक आमच्या खोलीत आली. नाझनीन मला पुसत होती.

"माझ्या आईत काय होतं?" तस्लीमनं विचारलं.

"काही नाही गं. आजाराची सूज होती, तेवढीच. खुदा की कसम!"

"मग त्या दिवशी का नाही बोललीस? त्या मोठ्या घरची होती तेव्हा तर तोंडाला कुलूप नव्हतं!"

नाझनीन रडली. गल्लीत घरोघर फिरून तिनं खरं काय ते सांगितलं. पण आता कोण ऐकतंय? बायका म्हणाल्या, पोरगी मन राखायला बोलतेय. आठ महिने आईची जखम धुणाऱ्या तस्लीमला बघून लोक आवाज खाली करायचे. तिनं कोणाच्या लग्नाकार्याला जाणं सोडलं.

मला वाटलं होतं, नाझनीन यातून शहाणी होईल. झालीही, पण भलत्याच वाटेनं! गप्प बसलं की लोक वाईट समजतात, हे तिनं हेरलं, आणि तेव्हापासून ती सगळ्यांचंच गोड सांगते. सगळ्या फुलासारख्या, सगळ्यांना सुवास. लोकांना तीच हवी असते. तिच्यासाठी मशिदीत स्टीलचं टेबल आलं आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली.

तस्लीम मात्र सुग्राबीकडे जाऊ लागली. आधी भांडायला गेली, मग बसायला, मग शिकायला. तिनंही मला उलटा करून घासलं. तिला "ही बाजू कोण बघतंय" असं विचारावं लागलं नाही.

गेल्या हिवाळ्यात सुग्राबी गेली. तिनं सांगून ठेवलं होतं, तस्लीमनंच न्हाऊ घालावं, आणि जुन्या तख्त्यावर. कोपऱ्यातून मला बाहेर काढलं. तस्लीमनं पाणी मनगटावर बघितलं, चादर घातली, नजर वळवली. "खाला, आता उजवी कूस धुते हं," म्हणाली.

ती बाहेर आली. गल्लीतल्या साऱ्या बायका उभ्या होत्या, नाझनीनही होती. "कशी होती गं सुग्राबी?"

मी आतून ऐकत होतो. एक शब्द बोलली असती तर सुग्राबीचं नाव राहिलं असतं, हे तस्लीमहून जास्त कोणाला ठाऊक?

"मी तिला न्हाऊ घातलं," ती म्हणाली. "एवढंच मला ठाऊक."

बाहेर कोणीतरी पुटपुटलं, "बघा! जन्मभर दुसऱ्यांच्या मय्यती धुतल्या, आणि स्वतःच्या वेळी..." नाझनीन मान खाली घालून उभी होती. इतके दिवस खोटं गोड बोललेली ती, त्या दिवशी मात्र तिच्या तोंडून खरंही निघालं नाही. आज आमच्या गल्लीत सुग्राबीबद्दल काय बोलतात, ते मी इथे सांगणार नाही.

तस्लीम आत आली, मला उलटा करून खालची बाजू घासली, आणि माझ्यावर डोकं टेकून खूप रडली.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. झाकलेलं कोणी झाकूनच ठेवत असेल, तर त्याला खोदून विचारू नका. आता तुमच्याही ओठांवर तोच प्रश्न आलाय, मला दिसतोय. मी तर तिथेच होतो. सुग्राबी माझ्याच अंगावर होती. ती हलकी होती का, सुवास आला का?

तिला न्हाऊ घातलं. एवढंच मला ठाऊक.