उल्केच्या पुठ्ठ्यात अंतर्मुख पठार

मी 'अंतर्मुख पठार' बोलतोय. पाचोऱ्याच्या वाचनालयातून, काचेच्या कपाटातल्या वरच्या फळीवरून. माझ्या पुठ्ठ्यावर तुम्हाला सोनेरी अक्षरात 'उंबऱ्यातली उल्का' असं दिसेल. तिकडे लक्ष देऊ नका. बाहेर ती आहे, आत मी आहे. असं कसं झालं ते सांगतो. मला वेळच वेळ आहे.

१९८३ साली मी छापून निघालो. माझे लेखक द. ना. वाघळीकर. दोनशे बारा पानं, एक पठार आणि त्यावर विचार करत बसलेला एक माणूस. शेवटच्या पानावर तो उठतो. प्रकाशकानं काटकसर म्हणून प्रत्येक पानाच्या डोक्यावर पुस्तकाचं नाव छापलं नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

वाचनालयाचे ग्रंथपाल अभिमन भाऊ पुस्तकं उंचीनं लावायचे. विषय-बिषय नाही, उंची. मी आणि उल्का एकाच उंचीचे, म्हणून शेजारी. ती शा. गो. हातेडकरांची. तिच्यात उल्का नावाची सून होती, सासू होती, विष होतं, एक हरवलेला भाऊ होता आणि तो डॉक्टर होऊन परत यायचा. तिची तारखेची चिठ्ठी भरली, तिच्यावर दुसरी डकवली, तीही भरली. माझी कोरी. घरोघर जाऊन आली की तिच्या अंगाला हळदीचा, खोबरेल तेलाचा, केळीच्या चिकाचा वास यायचा. पान सत्तावन्नवर वरणाचा डाग होता. मला तो डागसुद्धा हवा होता.

दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयात वाद व्हायचा. वाघळीकर मोठे की हातेडकर मोठे. माझ्या बाजूनं सुकदेव नाना, रिटायर तलाठी. उल्केच्या बाजूनं भाईदास, पोस्टमन. वाद तोंडी आटोपला नाही तर अभिप्रायाच्या वहीत चालायचा. ती वही टेबलाला सुतळीनं बांधलेली होती, कारण आधीच्या दोन वह्या कोणीतरी रागानं घरी नेल्या होत्या.

"तुनी उल्का म्हणजे नुसती रडारड," नाना म्हणायचे. "पठारमां विचार शे, विचार."

"नाना, तुम्ही ते वाचेल शे का?"

"वाचानी काय गरज शे? वजन देख याचं." असं म्हणून नाना मला टेबलावर आपटायचे.

चार वर्षं मी असा आपटला गेलो. उल्का वाचून वाचून फाटली, मी न वाचता फाटलो. शेवटी अभिमन भाऊंनी आम्हा दोघांना एकाच पिशवीत घालून झुलालकडे बांधणीला पाठवलं.

झुलालची पद्धत अशी, की आधी सगळ्यांची तोंडं काढायची. म्हणजे नावाचं पान, मागची चिठ्ठी. मग आतल्या पानांना शिलाई, मग नवा पुठ्ठा, मग तोंड परत चिकटवायचं. आमची शिलाई झाली आणि बायकोनं डबा आणला. भरीत होतं, पुरी होती, शिवाय कांद्याची पात. हात धुवून झुलाल परत बसला तेव्हा समोर दोन धडं होती आणि दोन तोंडं. धडांवर नाव नव्हतं, उल्केच्या प्रकाशकानंही तीच काटकसर केली होती. झुलालला वाचता येत होतं, पण भरितानंतर नाही.

तर मी उल्का झालो.

पहिल्याच दिवशी भाईदासनं मला घरी नेलं. एक माणूस मला उघडतोय, या आनंदात मी थोडा वेळ अपमान विसरलो. शनिवारी तो टेबलाशी बसला आणि म्हणाला, "अकरा येळ वाची, तरी बारावी येळ नवीच वाटनी. उल्का शेवटलगून येतच नही. वाट देखाले लावस. याले म्हणतस लेखक."

कौतुक माझं, श्रेय हातेडकरांना. मी पुठ्ठ्यातल्या पुठ्ठ्यात जळालो.

त्यापेक्षा वाईट पुढे झालं. भाईदासच्या टोमण्यांनी चिडून नानांनी 'पठार' खरंच वाचायला घेतलं. कोपऱ्यात बसून नाना वाचत होते आणि डोळे पुसत होते. ज्या माणसानं मला चार वर्षं आपटलं, तो आता तिच्यासाठी रडत होता. तेही माझं नाव हातात धरून.

"नाना, पठारमां सासू कुठून उनी?" भाईदासनं विचारलं.

"सासू म्हणजेच पठार," नाना म्हणाले. "तुले नही समजाव."

खरं ओळखलं ते एकाच बाईनं. पहूरच्या कुंदाबाई, शाळेत शिकवायच्या, महिन्यातून दोनदा एस्टीनं पाचोऱ्याला यायच्या. उल्का त्यांनी दोनदा वाचली होती. मला उघडून तीन पानं वाचली आणि त्या टेबलापाशी गेल्या.

"अभिमन भाऊ, याच्या आतलं बदललंय."

"ताई, रजिस्टरला दोन पुस्तकं आहेत, फळीवर दोन पुस्तकं आहेत," अभिमन भाऊ म्हणाले. "आतलं तपासायला लागलो तर वाचनालय बंद करावं लागेल."

त्या हसल्या आणि मला घेऊन गेल्या. रोज थोडं थोडं वाचायच्या. पान एकशे एकावन्नवर त्यांनी एस्टीचं तिकीट खुणेला ठेवलं. वहीत एक ओळ लिहिली: 'उल्का पूर्वीपेक्षा बरी झाली आहे.' ही माझ्या आयुष्यातली एकमेव दाद. तीसुद्धा उल्केच्या नावावर.

अजून एकसष्ट पानं राहिली होती. तेवढ्यात वाचनालयाला काचेचं कपाट देणगी मिळालं. समितीनं ठरवलं, वादाचा निकाल लावायचा. दोघांपैकी एक कपाटात, एक बाद. पुस्तकं परत मागवली. हात वर करून मतं झाली. भाईदासची माणसं जास्त. उल्का जिंकली, म्हणजे मला कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली चिटणीसांनी जानव्याला बांधली. 'अंतर्मुख पठार'वर बादचा शिक्का बसला आणि ते शेजारच्या उखर्डूच्या शेवेच्या दुकानात रद्दीत गेलं.

मला वाटलं, गेली एकदाची. आता मीच.

पण उखर्डू एका पानात एक पुडी बांधायचा. पहिल्या पुडीत सासू दुधात विष कालवते आणि पान संपतं. दुसऱ्या दिवशी दुकानापुढे रांग. लोक शेव नको, पुढचं पान दे म्हणायला लागले. पान सत्तावन्नसाठी भांडण झालं. नाना रांगेत उभे राहून सगळ्यांना सांगत होते, "वाघळीकर. मी पयलेच सांगेल व्हतं." गाव माझ्या लेखकाला डोक्यावर घेतंय, पानं तिची आहेत आणि मी कुलपात.

काल कुंदाबाई आल्या होत्या. काचेपाशी येऊन थांबल्या. माझ्या पोटात त्यांचं तिकीट आहे, एकशे एकावन्नवर. वाटलं, आता किल्ली मागतील. त्यांच्या हातात पुडी होती. शेव तशीच होती. त्या कागद वाचत होत्या. उल्का, तिसऱ्यांदा.

ताई, माझा माणूस अजून पठारावर बसलाय. तो उठतो का, हे तुम्हाला अजून माहीत नाही. एकसष्टच पानं आहेत. शेव खाऊन झाली की हात पुसू नका, तसेच या. डाग पडला तरी चालेल.