फौजदारीण दवाखान्यात जाते

टोमॅटोची तोडणी ऐन भरात आणि सून पुन्हा बांधावर पोट धरून आडवी. सासूच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. गाव तिला फौजदारीण म्हणायचं ते काही उगाच नाही.

"पाळी काय हिला एकटीलाच येते? आम्हालाही दुखायचं. कमरेला फडकं आवळलं की लागलो कामाला."

सासरे टोमॅटोचं कॅरेट उचलता उचलता म्हणाले, "परवा म्हशीनं वैरण खायची सोडली, तर डॉक्टरला आणायला भर उन्हात तूच धावलीस."

"म्हैस मुकी आहे. तिला बोलता येत नाही."

"हिला तरी तू कुठं बोलू देतेस?"

  तणतणत फौजदारीण सुनेला उठवायला गेली, तर पोरीचा हात गारठलेला आणि ओठ चावून चावून रक्ताळलेला. हे नाटक नव्हे, एवढं तिला कळलं.

"ऊठ. दवाखान्यात जाऊ."

"आणि तोडणी?"

"टोमॅटो काही पळून जात नाहीत."

बायकांच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण बोलायला मोकळ्या होत्या. त्यांनी विचारलं, "पाळीत उभं राहवत नाही इतकं दुखतं?"

सून तोंड उघडायच्या आत सासूची मान 'हो' म्हणून हलली.

"शौचाला बसतानाही कळ येते?"

मान पुन्हा हलली.

"नवऱ्याजवळ जाताना दुखतं?"

सून लाजून पायाकडे बघू लागली, सासू खिडकीबाहेर. सासूची मान मात्र हललीच.

"मावशी, मी सुनेला विचारतेय."

"विचारा की," फौजदारीण हळूच म्हणाली. "मला कधी कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून जरा घाई झाली."

सुनेनं तिच्याकडे बघितलं. मग तिनंही एकेक करून सगळं सांगितलं.

सोनोग्राफी झाली. बाईंनी समजावलं, "गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर हिच्या गर्भाशयाच्या बाहेरही वाढतंय. एंडोमेट्रिओसिस म्हणतात याला. मुळापासून जाईलच असं नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात ठेवता येतं. लवकर आलात हे बरं झालं. कित्येक जणी सोसतच राहतात."

पुढच्या काही महिन्यांत सुनेचं दुखणं बरंच उतरलं. फौजदारिणीला ते लांबलचक नाव काही जमेना. ती आपली 'बाहेरचं अस्तर' म्हणायची आणि तोडणीला आलेल्या प्रत्येकीची उलटतपासणी घ्यायची. बायका हसायच्या.

एकदा फौजदारिणीची जाऊ म्हणाली, "आमची पोरगी दर महिन्याला शाळा बुडवते. लग्न झालं की थांबेल सगळं."

"माझं लग्न झालं, तीन बाळंतपणं झाली. काय थांबलं?"

 जावेनं दोन झाडांचे टोमॅटो तोडले, तिसऱ्याशी मात्र तिचा हात रेंगाळला.

"बाई गं, उद्या असतात का गं त्या डॉक्टरीणबाई?"

"असतात," फौजदारीण म्हणाली. "सकाळी लवकर आवर. मी येते सोबत."