खंडेनवमीचा फोटो

गारखेड्यात व्हिडिओ गेमच्या डिस्क भाड्यानं देणारा वैजनाथ लई सरळ माणूस, आणि तेच त्याला नडलं. चिकलठाण्याची कंपनी बंद पडली तेव्हा हातात आलेली सगळी पुंजी त्यानं या गाळ्यात घातली होती. दोनशे डिस्क, एकूण एक अस्सल, पक्क्या बिलाच्या. समोरचा प्रणय मात्र मोबाईल दुरुस्तीच्या पाटीखाली चोरून उतरवलेले गेम हार्ड डिस्कवर भरून द्यायचा. गिऱ्हाईक तिकडं वळलं तरी वैजनाथ म्हणायचा, "जाऊ द्या. आपण कुणाचं चोरलं नाय, बास."

गेल्या खंडेनवमीला या शहाण्यानं काय करावं? बावीस वर्षं कारखान्यात यंत्राची पूजा केलेला गडी तो. साऱ्या डिस्क पाटावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला आणि मागं पाटी उभी केली: 'सगळा माल अस्सल. भाड्यानं मिळेल.' बायको विशाखा म्हणाली, "अहो, देवाला दिसलं तेवढं पुरे." ऐकतो कशाला! फोटो काढून इंटरनेटवर टाकला.

उन्हाळ्यात गेम बनवणाऱ्या कंपनीची नोटीस आली. मागं तोच फोटो, रंगीत छापून जोडलेला. नोटीस घेऊन वैजनाथ वकील भाच्याकडं, चिन्मयकडं गेला.

"मामा, भाड्यानं देणं बंद करावं लागेल," चिन्मय म्हणाला.

"का बरं? विकत घेतलेली वस्तू माझी. लोक सायकल देतात, मंडपाचं सामान देतात. मी काय चोर आहे का?"

"सायकलीचं वेगळं. गेम म्हणजे कायद्यानं कॉम्प्युटर प्रोग्राम. डिस्क तुमची, पण ती भाड्यानं द्यायचा हक्क बनवणाऱ्याचा. परवानगी घेतली होती?"

वैजनाथनं नकारार्थी मान हलवली. अशी काही परवानगी असते हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"मग प्रणयला का नाय नोटीस? तो तर उघड चोर."

"उघड कुठंय? ना पाटी, ना बिल, ना फोटो. तुम्ही कुंकू लावून कबुली दिलीत, मामा."

वैजनाथचं डोकं असं सणकलं की समोरचा पाण्याचा पेला त्यानं भिंतीवर मारला. मग स्वतःच वाकून काचा वेचल्या. कोर्टात लढायला वर्षं जाणार, वर बाजू लंगडी. आठवडाभरानं त्यानं पुन्हा डिस्क भाड्यानं देणार नाही असं लिहून दिलं आणि दोनशेच्या दोनशे डिस्क खोक्यात भरून कंपनीच्या माणसाच्या हवाली केल्या. त्या माणसानं एकही डिस्क उघडून पाहिली नाही, याचा त्याला सगळ्यात जास्त राग आला.

यंदाच्या खंडेनवमीला तो गाळा झाडायला आला होता. संध्याकाळी किल्ली मालकाला द्यायची होती. तेवढ्यात प्रणय पेढ्यांचा पुडा घेऊन आत शिरला.

"काका, घ्या. पूजा केली आज, सगळ्या हार्ड डिस्क मांडून. तुमचंच बघून सुचलं." मग रिकाम्या फळ्यांवरून नजर फिरवत म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून हा गाळाबी मीच घेतोय."

वैजनाथनं केरसुणी भिंतीला टेकवली. "फोटो काढला का?"

"नाय काका," प्रणय अगदी मनापासून म्हणाला. "तेवढं शिकलो तुमच्याकडून."

वैजनाथनं पेढा तोंडात टाकला. मेला गोडही होता.