एक हात बाहेर

आक्काचं सगळं आयुष्य मापं घेण्यात गेलं. बाजारामागच्या गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत तिचं शिवणाचं दुकान होतं. कपडा नीट बसला तर गिऱ्हाईक चकार शब्द काढायचं नाही आणि काखेत जरा काचलं की गल्ली डोक्यावर घ्यायचं.

धाकट्या भावाच्या किडन्या निकामी झाल्या. भावजय नोकरीवर, म्हणून दिवसाआड त्याला डायलिसिसला न्यायचं काम आक्कानं अंगावर घेतलं. रक्त यंत्रातून फिरून परत यायला लागलं की भाऊ कुडकुडायचा. दवाखान्याची चादर छातीवर ओढली की पाय उघडे, पायावर घेतली की छाती उघडी.

आक्कानं कपाटाखालचं चिंध्यांचं गाठोडं ओढलं आणि चांगली जाडजूड गोधडी शिवली. पण वॉर्डाच्या सिस्टरनं ती दारातच अडवली.

"सुंदर आहे हो आक्का, पण चालणार नाही. सुईचा हात मला सारखा दिसला पाहिजे. सुई निसटली आणि पांघरुणाखाली रक्त वाहत राहिलं तर कळणार कसं? शिवाय इतकी जाड गोधडी गरम पाण्यात धुणार कोण?"

बोलणं खरं होतं. आक्कानं गोधडी उसवली, मधला एक थर काढून पातळ केली आणि एका कडेला हात बाहेर राहील अशी खोल खाच ठेवून तिला पट्टी लावली. मोठ्या ऐटीत भावाच्या अंगावर घातली, तर खाच उजवीकडे आणि सुई डाव्या हाताला!

"झालं! आता परत उसवा," ती डोक्याला हात लावून म्हणाली.

"अगं, उलटी कर ना," भाऊ म्हणाला.

गोधडी उलटी केल्यावर खाच बरोबर डावीकडे आली. दोघं इतकी हसली की सिस्टरला दटावावं लागलं.

तासाभरात शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी विचारलं, "मलाही एक मिळेल का हो?" मग त्यांच्या पलीकडच्या मुलीनं. आक्का दुकान बंद झाल्यावर गोधड्या शिवायला बसू लागली. या कामाला माप नव्हतं. गोधडी कुणाला ढगळ होत नव्हती, कुणाला काचत नव्हती. लाल तुकड्याशेजारी पिवळा लावावा की निळा, हे फक्त तिनं ठरवायचं. इतकी वर्षं मशीन चालवून तिला पहिल्यांदाच शिवताना गुणगुणावंसं वाटलं.

हळूहळू सगळ्या पाळ्यांच्या लोकांना गोधड्या मिळाल्या. फक्त खिडकीजवळच्या निवृत्त कंडक्टरनं हात जोडले.

"नको बाई. आयुष्यभर बिनतिकिटाचं कुणाला बसू दिलं नाही. आता मीच फुकट कसा बसू?"

थंडीनं त्याचे दात वाजत होते. आक्का म्हणाली, "मग तिकीट काढा की! घरातले जुने कपडे आणून द्या. माझं गाठोडं संपत आलंय."

पुढच्या खेपेला त्यानं सिस्टरजवळ एक पिशवी ठेवली. आक्कानं ती घरी नेऊन उघडली, तर आत बायकांचे कपडे. इस्त्री करून, घडी घालून ठेवलेले. तिनं कात्री उचलली आणि परत खाली ठेवली. त्या संध्याकाळी ती परत वॉर्डात गेली. कंडक्टर शेवटच्या पाळीला यायचा.

"तुमच्या मंडळींचे ना? सगळे कापून तुमच्यासाठीच एक गोधडी करते."

त्यानं मान हलवली. "नको. तिला एकटीला बसायला कधी आवडलं नाही. शेजारणींत रमायची. थोडं थोडं सगळ्यांच्यात घाला. मला एक तुकडा पुरे."

आक्कानं तसंच केलं. ज्यांच्या गोधड्या झाल्या होत्या, त्या मागून घेऊन प्रत्येकीवर एकेक तुकडा बसवला. कंडक्टरला हिरव्या फुलांचा दिला.

नंतरच्या आठवड्यात सिस्टरनं त्याची पाळी बदलून भावाच्या पाळीत घातली. आक्का भावाला सोडून निघाली होती, तेवढ्यात मागून कंडक्टर शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंना हाक मारताना ऐकू आला. हा माणूस एरवी वॉर्डात आपणहून कुणाशी बोलायचा नाही.

"ओ बाई, तो जांभळा तुकडा जरा वर घ्या, दिसत नाही. हां! हा झगा तिनं घेतला तेव्हा मी म्हटलं, वांग्यासारखी दिसतेस. चार दिवस माझ्याशी बोलली नाही!"

"बरोबरच केलं त्यांनी," शेजारच्या बाई म्हणाल्या. "एवढा छान रंग!"

"मग निळा बघा. तो माझ्या पसंतीचा."

"म्हणूनच नवा कोरा दिसतोय," भाऊ म्हणाला, आणि सगळा वॉर्ड खदखदून हसला. कंडक्टर सगळ्यांत मोठ्यानं.

आक्का दाराशी थबकली. आत जावंसं वाटलं, पण गेली नाही. दुकानासमोर एक गिऱ्हाईक अर्धवट शिवलेल्या कोटासाठी ताटकळत होतं, ते तिला बघताच सुरू झालं. आक्का हसून म्हणाली, "उद्या नक्की देते हो." मग आत शिरून तिनं कोट बाजूला सारला आणि वॉर्डात नव्यानं आलेल्या म्हाताऱ्या सुताराच्या गोधडीचं कापड पसरलं.