निरोप फोनवर नको

दोन म्हाताऱ्या मनावर घेतील तर एका सहलीचं किती वाटोळं करू शकतात, हे आमच्या घरी येऊन बघावं.

माझ्या बायकोला, मेहकला, मी हैदराबाद दाखवायचं कबूल केलं होतं. लग्नाच्या आधी कबूल केलेलं, त्यामुळे ते आता शिळं होऊन वास मारायला लागलं होतं. कागलच्या एमआयडीसीतल्या माझ्या साहेबांच्या हातापाया पडून सुट्टी मिळवली, विमानाची तिकिटं काढायला बसलो, तर आतून अम्मी म्हणाली, ''माझं बी काढ. बाळाबाय तिथंच हाय न्हवं?''

अम्मी दोन वर्षं ज्या बाईचं नाव घेत नव्हती, ती ही बाळाबाई. कोल्हापूरजवळ आमच्या उचगावात चाळीस वर्षं आमच्या भिंतीला भिंत लावून राहिली. तिचा यशराज आणि मी एकाच ताटात जेवून मोठे झालो. यशराजला हैदराबादला नोकरी लागली आणि तो आईला घेऊन गेला. अम्मी तेव्हा नेमकी तासा-दीडतासावरच्या मलकापूरला मावशीकडे गेली होती. बाळाबाईनं गाडीत बसल्यावर फोन केला, ''निघाले गं हुस्ना,'' आणि ठेवला. झालं!

''चाळीस वर्षं शेजार, आणि निरोप फोनवर?'' अम्मी म्हणाली. ''कर्ज पायजे काय म्हणून बँकवाले फोन करत्यात, तसा?''

तिकडे बाळाबाईचं म्हणणं, मलकापुरातून वडापची जीप धरून यायला हुस्नाला काय झालं होतं? दोघींनी बोलणं टाकलं. अम्मी मात्र नवीन काही शिजवलं की सवयीनं वाटी भरायची, भिंतीपर्यंत जायची आणि तशीच परत यायची. ते मला बघवायचं नाही.

म्हणून मी तिचंही तिकीट काढलं. तिची अट एकच होती. यशराजला कळवायचं नाही. ''फोन केलास तर माझं मेलेलं तोंड बगशील. दारात जाणं म्हंजे मान देणं. फोन करणं म्हंजे माफी मागणं. मी मान द्यायला चाललोय.''

हैदराबादला उतरून थेट यशराजच्या दारात गेलो. दाराला कुलूप. शेजारच्या बाईंनी सांगितलं, मायलेक सकाळीच गाडी घेऊन कोल्हापूरला गेले. कुणा मैत्रिणीला न कळवता भेटायचं होतं म्हणे.

अम्मी आधी फुलली. ''बगितलंस? तीच आली माझ्या दारात!'' दुसऱ्या क्षणाला तिचा चेहरा उतरला. ''आणि माझ्या दाराला कुलूप! पावण्यांनी काय कुलपाबरोबर बोलायचं? चल माघारी.''

मेहकनं चारमिनारचं नाव काढून बघितलं. उपयोग नव्हता. तिनं मग यशराजच्या कुलपासमोर उभं राहून फोटो काढून घेतला. हैदराबादचं तेवढंच दर्शन तिच्या नशिबात होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच भाड्याची गाडी करून निघालो. सोलापूरच्या अलीकडे नाश्त्याला थांबलो असताना मी फोन उघडला. यशराजनं स्टेटसला चहाच्या कपाचा फोटो टाकला होता, खाली लिहिलं होतं, 'सांगोला. परतीचा प्रवास.' गडी शहाणा. त्यालाही त्याच्या आईनं शपथ घातलेली असणार, म्हणून सरळ न लिहिता जगाला सांगत होता.

''अम्मी, ती माघारी यायला लागल्यात. इथंच थांबू. तासा-दोन तासात समोरून येतील.''

''तुला कुणी सांगितलं?''

''फोनवर दिसतंय की.''

''फोनवरचं मी मानत न्हाई.''

''अगं, पण खरं आहे ते!''

''दार बगितल्याबिगर मी कसं मानू? बाळाबाय माझ्या पायरीवर बसली असली तर?''

मी डोक्याला हात लावला. रागानं मीही नाश्त्याच्या ताटाचा फोटो टाकला, 'सोलापूर. परतीचा प्रवास.' यशराजनं त्याला अंगठा दाखवला. मी त्याच्या चहाला अंगठा दाखवला. मग त्याच रस्त्यावर कुठंतरी आम्ही एकमेकांच्या शेजारून गेलो. चांगली शिकलेली दोन माणसं, आणि आपापल्या आईला भिऊन गाडी हाकत होती.

उचगावात दारात आकारामतात्या उभे. हे आमचे उजवीकडचे शेजारी. ''आलीस व्हय हुस्ना? बाळाबाय काल माझ्याकडंच ऱ्हायली. तू तिकडं गेलीयास म्हणून मीच सांगितलं, तर सकाळी थांब म्हणलं तरी ऐकंना. म्हणली, हुस्ना तिकडं माझ्या बंद दारात ताटकळत असंल, पावण्याला असं उभं ठेवत्यात व्हय? गेली की गं!''

अम्मी पायरीवर बसली. ''दोनदा गेली ती माझ्या दारातनं. आता मी न्हाई गेलो तर तोंड कसं दाखवू तिला?''

कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, आता थांबा, ती परत येईल. माझ्याही ओठांवर आलं होतं. पण मला ती भिंतीजवळची वाटी आठवली, आणि मी मुकाट्यानं पुन्हा तिकिटं काढली. मेहक म्हणाली, ''ह्या खेपेला निदान आतून घर तरी दाखवा.''

दुसऱ्या दिवशी आपल्या कोल्हापूरच्या, उजळाईवाडीच्या विमानतळावर, सगळी तपासणी उरकून आम्ही काचेच्या आत बसलो होतो. हैदराबादचं विमान उतरलं. तेच विमान आम्हाला घेऊन परत जाणार होतं. माणसं उतरून चालत यायला लागली आणि मेहक ओरडली, ''त्या बघा!''

हिरवं लुगडं, काखेत पिशवी. बाळाबाई. गाडी चालवून यशराजची कंबर धरली, म्हणून एकटीच विमानात बसून आली होती.

अम्मीनं काचेवर थापा मारल्या. बाळाबाई थबकली, वळली, काचेजवळ आली. मग दोघी एकदम बोलायला लागल्या. हात वर करून, कपाळ बडवून, बोटं मोडून. काचेतून एक अक्षर ऐकू येत नव्हतं आणि दोघीही थांबत नव्हत्या. शेवटी तिथल्या माणसानं बाळाबाईला हाताला धरून बाहेरच्या दाराकडे नेलं.

तेवढ्यात आम्हाला विमानात बसायला बोलावलं. अम्मी उलट्या दिशेनं चालायला लागली. वर्दीतल्या जवानानं अडवलं, आत आलेल्याला असं बाहेर सोडत नाहीत म्हणाला. अम्मीनं त्याला घरातल्या बोलीत सुनावलं, ''घरमें मेहमान आये सो है, मै उडके कहाँ जाऊ?'' तो गडबडला. साहेब आले, वह्या उघडल्या, माझ्या चारपाच सह्या झाल्या. आमच्या बॅगा विमानातून उतरवल्या. विमानातल्या लोकांनी आम्हाला काय शिव्या घातल्या असतील त्या घातल्या असतील.

बाहेर दाराशी बाळाबाई उभी होती. मला वाटलं, आता गळ्यात पडतील. पण ती जागची हलली नाही. पदर सारखा केला, पिशवी खाली ठेवली आणि एखादी शिकवलेली गोष्ट म्हणावी तशी म्हणाली, ''हुस्ना, यशराजला नोकरी लागलीया. मी हैदराबादला निघाले. सांगायला आलते.''

अम्मी भर रस्त्यात मोठ्यानं रडली. आजूबाजूचे रिक्षावाले बघायला लागले. मला वाटतं मीही थोडा रडलो.

मग तिनं नाक पुसलं आणि बाळाबाईची पिशवी उचलली.

''बरं. जेवून जा.''